एक आवाज, एक गळा

हर्षद नलवडेला मिसरूड फुटलं, बूट आठ नंबरचे लागायला लागले, विजारी घोट्याच्या वर चढल्या. आवाज मात्र काही फुटेना.

मुलांच्या शाळेत संगीत शिकवणाऱ्या बाईचं पंचांग वेगळं असतं. आमच्याकडे सण-वार बघत नाहीत, कुणाचा आवाज कधी जाणार ते बघतात. सहावीत हाती लागलेला गोड गळा आठवी-नववीत हमखास दगा देतो. एका सकाळी पोरगं वरच्या षड्जाला हात घालायला जातं आणि घशातून भलताच कुणीतरी ओरडतो. वर्गात हशा पिकतो, पोरगं लाल होतं, आणि मी त्याला मागच्या ओळीत पाठवून पुढच्या ओळीसाठी नवं पाखरू शोधायला लागते. मला ह्याचं वाईट वाटतं, पण वाईट वाटून घ्यायलाही वेळ लागतो, आणि स्पर्धा कुणासाठी थांबत नाहीत.

हर्षद नववीत येऊनही पुढच्या ओळीत, बरोबर मधोमध उभा होता. राज्य समूहगान स्पर्धेत आमच्या गाण्याची सुरुवात त्याच्या आलापानं व्हायची. आलाप असा लागायचा की तानपुऱ्यानं वहीत लिहून घ्यावा. मुख्याध्यापक इंगवलेसर म्हणायचे, "शिंत्रेबाई, देवाची कृपा आहे." मी मान डोलवायचे. देवाची कृपा सहसा इतकी काटेकोर नसते, हे मला ठाऊक होतं. पण त्या स्पर्धेची ढाल सलग चार वर्षं आमच्या कार्यालयात होती, अंतिम फेरी शनिवारवर आली होती, आणि गोड आवाजाला 'तू अजून कसा काय?' असं विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं.

शिवाय तो मौनात होता. ही आमच्या शाळेची रीत, माझ्या आधीच्या सरांनी घालून दिलेली. मुख्य गायकानं स्पर्धेआधी तालमीखेरीज बोलायचं नाही, गळा राखायचा. बाकीची पोरं आठवडाभर मौन पाळतात आणि त्यातही जेवणाच्या पंगतीत कुजबुजतात. हर्षदनं ह्या वर्षी भर पावसाळ्यापासूनच तोंड बंद केलं होतं. वर्गात हजेरीला हात वर करायचा, काही हवं असलं तर खुणा. सगळी शाळा कौतुक करत होती. "ह्याला म्हणतात निष्ठा," असं इंगवलेसरांनी प्रार्थनेच्या वेळी दोनदा तरी सांगितलं असेल.

कोल्हापूरपासून तासाभरावर डोंगराच्या पायथ्याशी आमची ही निवासी शाळा आहे. ती दोन गोष्टी मिरवते. एक, गुरुवार हा सेवावार. दुसरी, यंत्रविवेक. तालीम संपली की पोरांनी आपले फोन, चष्मे, कानातली यंत्रं सगळं एका लोखंडी पेटीत ठेवायचं. पेटीची किल्ली पोरांनीच निवडून दिलेल्या यंत्रमंत्र्याकडे. ह्या वर्षीचा यंत्रमंत्री कोण, हे तुम्ही ओळखलंच असेल. मौनी बाबावर सगळ्यांचा विश्वास होता.

आणि सेवावारी आमची पोरं करतात ते स्वरदान.

स्वरपेढी आता रक्तपेढीइतकी अंगवळणी पडली आहे, तरी थोडं सांगते. घशाच्या कर्करोगानं किंवा अपघातानं ज्यांचं स्वरयंत्रच जातं, त्यांच्या मेंदूला ते गेल्याचं कळत नाही. 'पाणी दे' म्हणायचं मनात आलं, की मेंदू गळ्याच्या, जिभेच्या स्नायूंना हुकूम सोडतच राहतो. हुकूम जातो, आवाज येत नाही. गळपट्टी हे हुकूम टिपते. कातडीच्या रंगाची, बोटाएवढी रुंद पट्टी मानेवर चिकटवायची. ती स्नायूंमधल्या विजेच्या बारीक लहरी वाचते, त्यांचा शब्द बांधते आणि तो शब्द एखाद्या जिवंत माणसाच्या आवाजात बोलते. हा आवाज दात्याचा. दात्यानं काही आठवडे बसून वाक्यं वाचायची, ओरडायचं, हसायचं, गायचं. त्यातून त्याच्या आवाजाचा साचा तयार होतो. मोठ्या माणसांचे साचे पेढीत भरपूर आहेत. लहान मुलांचे फार थोडे, कारण आईबाप कचरतात. म्हणून आमच्या पोरांच्या वाक्यांना मोल. संगीताच्या खोलीला लागूनच आमचं स्वरदान केंद्र आहे. तिथं साचे घेतात, आणि आसपासच्या गावांतल्या पट्ट्या बिघडल्या तर त्या पुसून-तपासूनही देतात. हे काम माझ्याच गळ्यात.

त्या बुधवारी संध्याकाळी तालीम ऐन रंगात आलेली. शिपाई सांगत आला की केंद्रात पट्टीवाले बसलेत. मी हार्मोनियमवर सातवीतल्या एकाला बसवलं आणि चरफडतच गेले.

बाकावर एक बाई आणि तिच्या शेजारी नऊ-दहा वर्षांची पोरगी. बाईच्या अंगावर दूध संकलन केंद्राचा निळा डगला, म्हणजे कामावरून तशीच आलेली. पोरीच्या गळ्याखाली श्वासाचं छिद्र होतं, त्यावर जाळीचा रुमाल, आणि वर गळपट्टी. पोरगी माझ्याकडे बघून भराभर काहीतरी बोलली. ओठ हलले, जीभ हलली, आवाज नाही.

"मी सुवर्णा कांबळे. ही ईश्वरी," बाई म्हणाली. "गाडीच्या चाकात ओढनी गेली हुती हिची, सहा वर्साची असताना. जीव वाचला, आवाज गेला. मग तुमच्या पट्टीवर पोपटावानी बोलाय लागली. दोन वर्सं काय तरास न्हाई. आन् आता चार महिनं झालं, रोज दिवेलागनीला आवाज बंद पडतोय. रविवारी सकाळीबी. घटकाभरानं आपोआप येतोय."

"बॅटरी उतरत असेल."

"बॅटरी घड्याळ बघून उतरती व्हय बाई?"

मला हसू आलं, पण तिला आलं नव्हतं. ती पुढं म्हणाली, "परवा पाटात पाय घसरला हिचा. छातीएवढं पानी. वरडाय गेली, तर आवाजच न्हाई. काठावर पंपाची पत्र्याची खोली हाय, तिच्यावर दगूड आपटत बसली. माझा दीर तिकडनं चालला हुता म्हनून. न्हाईतर काय केलं असतं मी?"

पोरगी आईचा हात ओढत होती, तिला स्वतःला सांगायचं होतं. मी पट्टी काढली. दिवा हिरवा होता, म्हणजे पट्टी शाबूत. स्पिरिटनं पुसली, मान पुसली, परत चिकटवली. काही नाही. पुन्हा पुसली. भिंतीपलीकडून हर्षदचा आलाप येत होता, स्वच्छ, भरलेला. माझा अर्धा कान तिकडे होता; शेवटची मींड त्यानं आज जरा लांबवली होती, ते मला आवडलं. मग गाणं संपलं, तालीम सुटली, पोरं जेवणाच्या घंटेकडे धावली. फोनच्या लोखंडी पेटीचं झाकण आपटल्याचा आवाज आला.

आणि माझ्यासमोरची पोरगी म्हणाली, "आई, ही बाई नुसती पुसतच बसलीया. हिला काय बी येत न्हाई."

माझ्या हातातला कापूस गळून पडला.

आवाज हर्षदचा होता. आत्ता भिंतीपलीकडे गात होता तोच. हाच आवाज मी ह्याच खोलीत, गुरुवारमागून गुरुवार, सहावीतल्या एका बुटक्या पोराकडून टिपून घेतला होता. 'र' किंचित घोळवायची त्याची लकबसुद्धा तशीच. फक्त आता तो आवाज कोल्हापुरी ठसक्यात माझी अब्रू काढत होता.

"आला बघा!" सुवर्णा म्हणाली. "ह्यो असा खेळ चाललाय."

मी त्यांना उद्या येते म्हणून सांगितलं, पत्ता घेतला आणि त्या वळल्यावर स्वरपेढीच्या मुजावरमॅडमना फोन लावला. खरं तर उत्तर मला कळलंच होतं, ते दुसऱ्या कुणी सांगावं एवढंच हवं होतं.

मुजावरमॅडम म्हणजे सरळ काम. "पट्टीत काही बिघाड नाहीये," त्या म्हणाल्या. "दाता स्वतःच आवाज वापरतोय. तेवढा वेळ घेणाऱ्याकडचा बंद होणारच."

"दाता कसा वापरेल?"

"दात्याला त्याच्या आवाजाची प्रत मिळते ना, आठवण म्हणून. ती त्यानं कुठल्या तरी पट्टीवर चढवली असणार. बाई, आवाज पट्टीत नसतो. तो पेढीत असतो, पट्टी फक्त तिथून बोलते. नक्कल केलेल्या आवाजात फोन करून लोकांना गंडवण्याचे प्रकार बोकाळले, तेव्हा सरकारनं कायदाच केला. एक आवाज एका वेळी एकाच गळ्यातून निघेल. दोघांनी मागितला, तर दात्याचा हक्क पहिला."

एक आवाज, एक गळा. हे वाक्य आमच्या केंद्राच्या भिंतीवर छान अक्षरात लावलेलं आहे. रोज त्याच्याखाली बसून मी चहा पिते.

रात्री मला झोप लागली नाही, ह्यात नवल नाही. चीड आली होती, पण कुणाची ते ठरेना. गुरुवारी सकाळी प्रार्थनेच्या आधीच मी हर्षदला संगीताच्या खोलीत बोलावलं. थंडीचे दिवस, बंद गळ्याचा स्वेटर. तो येऊन नम्रपणे उभा राहिला.

"गळा उघड," मी म्हटलं.

त्यानं भुवया उंचावल्या, मौनाची खूण केली.

"मौन गेलं खड्ड्यात. गळा उघड."

त्यानं कॉलर खाली केली. गळपट्टी होती. आमच्याच केंद्रातली, पाहुण्यांना दाखवायला ठेवलेली. यंत्रमंत्र्याच्या पेटीत ती रोज इमानेइतबारे जमा होत होती आणि तालमीआधी पुन्हा निघत होती.

"काढ. आणि बोल."

त्यानं पट्टी काढली. ओठ दाबून धरले होते. शेवटी म्हणाला, "काय बोलू?"

दोन शब्द. पहिला जाड निघाला, दुसरा मधेच तुटून बारीक झाला आणि शेवटी नुसती हवा आली. तो स्वतःच दचकला. त्यानं हा आवाज महिनोन् महिने ऐकला नव्हता. तालमीत पट्टी, रविवारी घरी फोन करताना पट्टी, बाकी वेळ मौन. ऑगस्टमध्ये एका सकाळी आंघोळीच्या वेळी तो आवाज पहिल्यांदा आला, आणि त्यानं त्याला दारातूनच परत लावून दिलं.

इथं थोडं शास्त्र सांगते, म्हणजे मी एवढी का घाबरले ते कळेल. ह्या वयात मुलाच्या स्वरतंतूंची लांबी झपाट्यानं वाढते. मेंदूजवळ जुन्या, छोट्या तंतूंचा हिशेब पाठ असतो. इतका ताण दिला की हा सूर. वाद्य बदललं, हिशेब जुनाच, म्हणून आवाज घसरतो. मग कान चूक ऐकतो, मेंदू ताण बदलतो, पुन्हा चूक, पुन्हा बदल. असं लाखो वेळा झालं की नवा आवाज बसतो. म्हणजे आवाज फुटल्यावर पोरगं जे बेसूर रेकतं, तोच त्याचा खरा रियाज असतो. पट्टीनं हर्षदचा खरा आवाज उलट्या लहरींनी जिथल्या तिथे दाबला होता आणि त्याच्या कानात जुना, अचूक आवाज भरला होता. कानाला चूक ऐकूच आली नाही. मग मेंदू सुधारणार काय? आणि वरून मौन. जुना आवाज गेला होता आणि नवा त्यानं शिकलाच नव्हता. हे असंच वर्षभर चाललं असतं, तर पट्टीवाचून त्याला साधं नाव सांगणं जड गेलं असतं.

मी त्याला ईश्वरीबद्दल सांगितलं. पाटाबद्दलही सांगितलं. सांगताना मी त्याच्याकडे बघत नव्हते.

"मला माहीत नव्हतं, बाई," तो म्हणाला. चार शब्दांत आवाज तीनदा घसरला. "मला वाटलं, प्रत म्हणजे फोटोसारखी. आपण आपला फोटो बघितला, तर दुसऱ्याचं काय जातं?"

"आता कळलं ना."

त्यानं हार्मोनियमच्या काळ्या पट्टीवर बोट फिरवलं. मग एकदम उसळला. "पण आवाज माझा आहे! मी दिला म्हणून काय माझा नाही? आणि हा काय..." त्यानं स्वतःच्या गळ्याकडे बोट केलं, "हा घेऊन मी कुठं जाऊ? मागच्या ओळीत? तुम्हीच पाठवता ना सगळ्यांना मागच्या ओळीत?"

मी हार्मोनियमचा भाता बंद केला.

"शनिवारपर्यंत, बाई. एकदाच. मग देतो काढून."

आणि खरं सांगायचं तर मला तो आलाप हवा होता. शनिवारी, भरल्या सभागृहात. तोंडात 'हो' आला होता. मी तो गिळला, पण 'नाही'सुद्धा म्हटलं नाही, आणि सरळ इंगवलेसरांकडे गेले. आपल्याला जे जमत नाही ते वरिष्ठांना जमेल, अशी वेडी आशा माणसाला असते.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. ढालीकडे एकदा बघितलं. "दात्याचा हक्क पहिला आहे ना? मग कायद्यानं आपण बरोबर आहोत. दोन दिवसांचा तर प्रश्न. मुलीच्या घरच्यांना सांगा, तेवढे दोन दिवस संध्याकाळी लक्ष ठेवा. सोमवारी सगळं रीतसर करू."

"सर, आपल्या फाटकावर 'यंत्रविवेक' लिहिलंय."

"म्हणून तर म्हणतोय, विवेकानं घ्या. नाहीतर त्या मुलीला पेढीतून दुसरा आवाज देता येईल की!"

मी तिथून उठले. जिना उतरताना माझ्या चपला अशा आपटत होत्या की खालच्या वर्गातली पोरं गप्प झाली. (ढाल गेली, हे आत्ताच सांगून टाकते. शनिवारी आम्ही पाचवे आलो. नाहीतर तुम्ही ढालीकडे डोळे लावून बसाल, आणि गोष्ट तिची नाही.)

दुपारी सेवावाराची जीप निघाली, तेव्हा मी हर्षदला हाक मारली. "चल."

"कुठं?"

"जिच्या तोंडातून काढून घेतोस, तिला एकदा बघून ये. मग तुझं तू ठरव. मी काही सांगणार नाही." आणि मी खरंच काही सांगितलं नाही. रस्ताभर फक्त ड्रायव्हरवर खेकसत होते. हर्षदनं पट्टी मुठीत धरली होती.

कांबळ्यांची वाडी नदीपलीकडे आहे. जीप चढावर थांबली, आम्ही उतरलो, आणि घर दिसायच्या आधीच तो आवाज आला.

"हाड! हाड म्हंते न्हवं! उतर खाली भवाने, कौलं फोडशील! थांब, येतेच काठी घिऊन!"

हर्षदचा पाय जागच्या जागी थांबला.

"बाई," तो म्हणाला, "हा मी आहे."

"नाही. ती ईश्वरी आहे."

आम्ही वळण घेतलं. पडवीच्या कौलांवर एक शेळी चढून बसली होती आणि खाली ईश्वरी कमरेला फ्रॉक खोचून तिला शिव्या घालत होती. ज्या आवाजात मी दोन वर्षं आलाप घोटून घेतले, तो आवाज शेळीच्या खानदानाचा उद्धार करत होता. आणि काय सांगू, शोभत होता. एकही शब्द पडेल नव्हता.

सुवर्णा ताकाचे पेले घेऊन बाहेर आली. मी तिला आत नेऊन सगळं सांगितलं, लपवलं नाही. तिनं ऐकून घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाली, "लेकरूच हाय त्येबी." मला वाटलं होतं, ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

अंगणात दोघं समोरासमोर बसली होती. ईश्वरी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळत होती.

"तूच व्हय त्यो?"

"हो." तो एकच शब्दसुद्धा दोन ठिकाणी मोडला.

ती खदखदून हसली. "आई गं! ह्याचा आवाज बघ, बेडकावानी!"

"ईश्वरे!" आतून सुवर्णा ओरडली.

हर्षदनं मान खाली घातली. मग विचारलं, "तू गातेस का?"

"गायाचं कशाला? मला भांडायला लागतोय आवाज." तिनं शेळीकडे एकदा डोळे वटारले. "शाळंत पोरं मला 'छिद्री' म्हंत्यात. मग मी बोलते त्यास्नी. एक जन उभा ऱ्हात न्हाई."

"आणि दुसरा आवाज मिळाला तर? पेढीत असतात."

"दुसरा कशाला? ह्योच माझा हाय. आजीला ह्योच कळतोय. शेळीला बी." मग तिचा चेहरा एकदम बदलला. तिला आठवलं होतं. "मी पाटात पडले हुते. लई वरडले. तोंड उघडलं, काय बी न्हाई. पुना उघडलं, काय बी न्हाई. तवा तू काय करत हुतास?"

उत्तर सोपं होतं.

"गात होतो," हर्षद म्हणाला.

तिनं मान हलवली. रागानं नव्हे. एवढं महत्त्वाचं काही नव्हतं तर, अशी.

तो उठून माझ्याकडे आला. "बाई, हक्क सोडायचा असेल तर काय करावं लागतं?"

मी मुजावरमॅडमना फोन लावला आणि पडद्यावर घेतलं. त्यांनी सगळं नीट समजावलं. दात्याला आपला पहिला हक्क कायमचा सोडता येतो. घरच्यांची संमती आवाज देतानाच घेतलेली असते. पण सोडणारा दाताच आहे, ह्याची खात्री फक्त आवाजावरून होते, आणि हर्षदचा आजचा आवाज कुठल्याच साच्याशी जुळणार नव्हता. म्हणजे पट्टी लावून, त्याच जुन्या आवाजात, एक वाक्य म्हणावं लागणार होतं. वाक्य पूर्ण झालं की त्याची प्रत पुसली जाईल. पुन्हा कधी, कुठल्याच पट्टीवर, तो आवाज त्याला मिळणार नाही.

"सोमवारी केलं तरी चालेल," मुजावरमॅडम म्हणाल्या. "घाई नाही."

"आहे," हर्षद म्हणाला.

ईश्वरी तेव्हा आईला शेळीची तक्रार सांगत होती. हर्षदनं पट्टी गळ्यावर दाबली. तिचं बोलणं वाक्याच्या मधेच तुटलं. तिनं दोनदा तोंड उघडमिट केलं, हात गळ्यावर नेला, आणि वळून त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत भीती होती. चार महिने रोज संध्याकाळी हेच होत होतं, आणि मी भिंतीपलीकडे मींड मोजत बसले होते.

"तयार आहेस?" मुजावरमॅडमनी विचारलं.

हर्षदनं श्वास घेतला. त्याचे खांदे खाली आले, छाती भरली, हनुवटी किंचित आत गेली. हा श्वास मला पाठ आहे. आलापाआधीचा. तो गाणार होता. वाक्य म्हणायच्या आधी एकदा गाऊन घ्यायला त्याला कुणी मनाई केली नव्हती. घे, माझ्या मनानं म्हटलं, एकदा घे, मलाही ऐकू दे, पुन्हा हे मिळायचं नाही. मी हे मोठ्यानं म्हणाले नाही, पण मनात म्हणाले, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. आवाजच तसा होता.

त्याची नजर ईश्वरीच्या हातावर गेली. तो अजून तिच्या गळ्यावरच होता.

"हा आवाज मी दिला आहे," हर्षद म्हणाला. स्वच्छ, सपाट, हजेरी द्यावी तसा. "माझा ह्यावर हक्क राहिलेला नाही."

पट्टीचा दिवा विझला.

"...आन् मी तिला दोनदा खाली उतरवली, तरी परत चढली!" ईश्वरीचं अर्धं राहिलेलं वाक्य बाहेर पडलं. तिनं स्वतःच चमकून आईकडे बघितलं, मग हसली.

हर्षदनं पट्टी सोलून काढली आणि माझ्या हातात दिली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. एरवी मी पोरांच्या पाठीवर हात ठेवणाऱ्यातली नाही. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण सूर सापडत नव्हता, आणि आता तो शोधून द्यायला कुणी नव्हतं.

ईश्वरी जवळ आली. कधी त्याच्याकडे, कधी माझ्या हातातल्या पट्टीकडे बघत तिनं विचारलं, "आता तू कशानं बोलनार?"

"हाच आहे," तो म्हणाला. 'हाच' जाड होता, 'आहे' फाटलेला.

"लई वंगाळ हाय."

"माहितेय."

तिनं जरा विचार केला. मग त्याच्याच, सहावीतल्या त्या बुटक्या पोराच्या आवाजात ती त्याला म्हणाली, "असूंदे. हुतीया सवय. मला बी ह्यो पयल्यांदा दुसऱ्याचाच वाटला हुता."